घंटेवरील अक्षरे

महाराष्ट्राच्या किनाऱ्याच्या अगदी उत्तर टोकास डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके आहेत. सन २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात मोडतात. डहाणू चिकूच्या बागांसाठी आणि मासेमारीसाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या उत्तरेस असलेला तलासरी तालुका गुजरातच्या सीमेला भिडला असून, भाताची खाचरे आणि वारली लोकांचे पाडे ही त्याची ओळख होय. डहाणूच्या खाडीलगत एक जुना किल्ला आहे. तो या किनाऱ्याच्या एका विस्मृत कालखंडाची साक्ष देतो.

सन १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. सन १५५९ मध्ये दमणही त्यांच्या हाती गेले. त्यानंतर वसईपासून दमणपर्यंतच्या किनाऱ्यावर त्यांचे किल्ले उभे राहिले आणि चर्चेही उभी राहिली. चर्च म्हटले की तेथे घंटा आलीच. ती प्रार्थनेची वेळ सांगे, मृत्यूची वार्ता देई आणि शत्रू आल्याची सूचनाही देई. पुढे काळ पालटला. अशाच घंटांपैकी काही घंटा आज समुद्रापासून दूर, सह्याद्रीपलीकडच्या देवळांत टांगलेल्या दिसतात. त्यांच्यावर रोमन लिपीतील अक्षरे आहेत, ख्रिस्ती चिन्हे आहेत आणि सनही आहेत. या घंटा कोणाच्या? त्या कोठे घडल्या? येथवर कशा आल्या? या प्रश्नांची उत्तरे शोधण्याची एक रीत आहे. ती रीत समजून घेतली म्हणजे कोणत्याही जुन्या वस्तूची जन्मकथा शोधता येते.

प्रथम प्रसंग पाहू. सन १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांविरुद्ध मोहीम उघडली. सन १७३९ च्या प्रारंभी पहिल्या बाजीराव पेशव्यांचे धाकटे बंधू चिमाजी आप्पा स्वतः रणांगणावर उतरले. डहाणू, केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर ही ठाणी एकामागून एक मराठ्यांच्या ताब्यात आली. तारापूरच्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर हा शूर सरदार गोळी लागून धारातीर्थी पडला. त्यानंतर मराठ्यांनी वसईला निकराचा वेढा घातला आणि मे महिन्यात वसईचा बळकट कोट शरण आला. त्या विजयानंतर तेथील चर्चांच्या घंटा मराठ्यांनी वाहून नेल्या व देवस्थानांना अर्पण केल्या, असे परंपरा सांगते.

आता दोन घंटा पाहू. पहिली घंटा नाशिक येथे, पंचवटीत, गोदावरीच्या तीरावर आहे. सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी सन १७४७ मध्ये तेथे रामेश्वराचे सुंदर मंदिर बांधले. त्याच्या तटाच्या दर्शनी बाजूस ही प्रचंड घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७२१ हा सन आहे. 'नारोशंकराची घंटा' या नावाने ती एवढी प्रसिद्ध झाली की, पुराचे पाणी घंटेपर्यंत चढले म्हणजे महापूर आला असे नाशिककर समजू लागले.

दुसरी घंटा सातारा जिल्ह्यात, वाईजवळच्या मेणवली गावी आहे. कृष्णेच्या रम्य घाटावर, नाना फडणिसांच्या वाड्यामागे, एका छोट्या दगडी वास्तूत ती टांगलेली आहे. तिच्यावर बाल येशूला घेतलेल्या मेरीची आकृती असून १७०७ हा सन आहे. ज्या वर्षी औरंगजेब बादशहा मरण पावला, त्याच वर्षी ही घंटा ओतली गेली. शिवालयाच्या दारी मेरीची आकृती पाहून प्रवासी क्षणभर थबकतो. संशोधनाचा आरंभ अशा थबकण्यातूनच होत असतो.

संशोधकाची पहिली साक्षीदार म्हणजे ती वस्तूच होय. तिला हात लावण्यापूर्वी ती नीट पाहावी. तिची उंची, घेर आणि जाडी मोजावी, आकृती काढावी, चारही बाजूंनी फिरून प्रत्येक खूण टिपून घ्यावी. घंटा साधारणपणे कासे या धातूची असते. त्यात सुमारे चार भाग तांबे व एक भाग कथील असते. युरोपात घंटा ओतण्याची रीत अशी होती : ओतारी प्रथम मातीची हुबेहूब घंटा बनवी आणि तिच्यावर मेणाची अक्षरे व चित्रे चिकटवी. मग त्यावर मातीचा दुसरा थर देऊन साचा तयार करी. उष्णतेने मेण वितळून जाई व साच्याच्या आतल्या बाजूस अक्षरांचे खळगे उरत. मधली मातीची घंटा काढून त्या पोकळीत तापलेला रस ओतला की, घंटेबरोबर तिची अक्षरेही जन्माला येत.

या माहितीतून संशोधकाला एक मोलाची कसोटी मिळते. ओतताना उमटलेली अक्षरे पृष्ठभागावर उठून दिसतात. नंतर छिन्नीने कोरलेली अक्षरे आत खोल गेलेली असतात. उठावाची अक्षरे म्हणजे वस्तूच्या जन्मवेळची साक्ष. खोदलेली अक्षरे मात्र पुढच्या एखाद्या मालकाची, दात्याची किंवा विजेत्याची असू शकतात. एकाच वस्तूवर दोन्ही प्रकारची अक्षरे असली, तर तिच्या आयुष्यातील दोन निरनिराळे प्रसंग त्यांत नोंदलेले आहेत असे समजावे. दोन्ही एकाच काळची मानणे ही मोठी चूक होय.

यानंतर अक्षरांचे वाचन. चर्चच्या वस्तूंवरील लेख बहुधा लॅटिन किंवा पोर्तुगीज भाषेत असतात. जागा थोडी असल्यामुळे शब्द तोडून लिहिलेले असतात. जुन्या लॅटिन लेखांत 'यू' या अक्षराच्या जागी 'व्ही' दिसतो. वर्ष कधी नेहमीच्या अंकांत, तर कधी रोमन अंकांत असते. रोमन पद्धतीत 'एम' म्हणजे १०००, 'डी' म्हणजे ५००, 'सी' म्हणजे १००, 'व्ही' म्हणजे ५ आणि 'आय' म्हणजे १. त्या पद्धतीने १७०७ हे वर्ष 'एम, डी, सी, सी, व्ही, आय, आय' असे लिहिले जाईल. कित्येक वस्तूंवर 'आय, एच, एस' ही तीन अक्षरे आढळतात. ती येशूच्या ग्रीक नावाची पहिली तीन अक्षरे होत. सन १५४० मध्ये स्थापन झालेल्या जेझुइट संघाने ती आपले चिन्ह म्हणून स्वीकारली. परंतु अन्य ख्रिस्ती मंडळींनीही ती वापरली आहेत; म्हणून केवळ तेवढ्यावरून वस्तू जेझुइटांचीच होती, असे ठरविता येत नाही.

अशा लेखांच्या वाचनाचा उद्योग ज्यांनी निष्ठेने केला, त्यांत डॉ. जर्सन द कुन्हा यांचे नाव आदराने घ्यावे लागते. ते मूळचे गोव्याचे व मुंबईत वैद्यकीचा व्यवसाय करणारे. चौल आणि वसई येथील भग्न वास्तूंचा व तेथील शिलालेखांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला आणि सन १८७६ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. ऊन, पाऊस आणि वाढती झाडी दगडावरील अक्षरे खात असतात. वेळीच घेतलेली नक्कल ती अक्षरे वाचविते. वसईच्या इतिहासाचा अभ्यासक आजही त्यांच्या ग्रंथाकडे वळतो, त्याचे कारण हेच होय.

अक्षरे वाचली म्हणजे शोध संपला, असे मात्र नव्हे. किंबहुना खरा शोध तेथूनच सुरू होतो. घंटेवरील सन ती केव्हा ओतली एवढेच सांगतो. ती कोणत्या वाटेने आली हे सांगत नाही. येथे साधे अंकगणित उपयोगी पडते. नाशिकची घंटा १७२१ ची, वसई पडली १७३९ मध्ये आणि मंदिर बांधले गेले १७४७ मध्ये. म्हणजे वसई पडली तेव्हा घंटा १८ वर्षांची होती आणि मंदिर उभे राहण्यास आणखी ८ वर्षे लागली. या ८ वर्षांत ती कोठे होती? मेणवलीची गोष्ट याहून विचार करावयास लावणारी आहे. नाना फडणिसांचा जन्म १७४२ चा. वसईच्या विजयानंतर तीन वर्षांनी जन्मलेल्या पुरुषाच्या हाती ती घंटा त्या विजयाच्या वेळी कशी पडणार? मेणवली गाव नानांना मिळाले तेही १७६८ च्या सुमारास. याचा अर्थ, परंपरा खरी धरली तरी ती घंटा निदान २९ वर्षे दुसरीकडे कोठेतरी असली पाहिजे. परंपरा खोटी ठरली असे यावरून म्हणता येत नाही. तिच्यात एक रिकामी जागा आहे, एवढेच सिद्ध होते. ती जागा कल्पनेने भरणे हे कथाकाराचे काम. पुरावा मिळेपर्यंत ती रिकामीच ठेवणे हे संशोधकाचे काम.

रिकाम्या जागा भरण्यासाठी संशोधक दुसऱ्या साक्षीदाराकडे वळतो. तो म्हणजे कागद. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी लिपीतील असंख्य कागद आहेत. त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाले. त्यांत वसईच्या मोहिमेची पत्रेही आहेत. दुसरी बाजू पणजीच्या पुराभिलेखागारात सापडते. त्याचा आरंभ सन १५९५ मध्ये झाला. गोवा व लिस्बन यांच्या दरम्यान मान्सूनच्या वाऱ्यांबरोबर ये-जा करणाऱ्या जहाजांतून जी पत्रे जात, त्यांचे खंड त्या वाऱ्यांच्याच नावाने तेथे ओळखले जातात. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी हे कागद अभ्यासून पोर्तुगीज-मराठे संबंधांचा इतिहास मराठीत लिहिला. जिंकणाऱ्याचे कागद आणि हरणाऱ्याचे कागद एकत्र वाचल्याशिवाय कोणत्याही युद्धाची पूर्ण हकीकत कळत नाही.

कागद वाचताना आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. वसई शरण आल्याचा दिवस काही ग्रंथांत ५ मे, तर काहींत १६ मे असा दिलेला आढळतो. यांतील एक दिवस चुकीचा आहे काय? नाही. पोर्तुगालने सुधारलेली दिनदर्शिका १५८२ मध्येच स्वीकारली होती. इंग्रज मात्र १७५२ पर्यंत जुनीच वापरीत होते. अठराव्या शतकात या दोहोंमध्ये ११ दिवसांचे अंतर होते. म्हणून इंग्रजांचा ५ मे तोच पोर्तुगीजांचा १६ मे. मराठी कागदांत तर शक आणि सुहूर सन येतात. शकात ७८ मिळविले की, वर्षाचे पहिले नऊ-दहा महिने तरी इसवी सन मिळतो. शके १६६१ म्हणजे सन १७३९, तो असा.

तिसरा साक्षीदार म्हणजे लोकांची स्मृती. तिला हसून बाजूस सारू नये आणि तिच्यावर डोळे मिटून विश्वासही ठेवू नये. नाशिकच्या माणसाला ती घंटा मराठ्यांच्या पराक्रमाची खूण वाटते. वसईच्या ख्रिस्ती माणसाला तीच घंटा आपल्या पूर्वजांच्या हरपलेल्या चर्चची आठवण करून देईल. दोघेही मराठी बोलणारे, दोघेही याच मातीचे, आणि दोघांच्याही भावना खऱ्या. घंटेवरील अक्षरे कोणाचीच बाजू घेत नाहीत. पण मेणवलीची घंटा आणखीही काही सांगते. ज्यांनी ती टांगली, त्यांनी तिच्यावरील मेरीची आकृती घासून टाकली नाही. त्यामुळेच आज तिचे मूळ ओळखता येते.

आता पुन्हा आपल्या किनाऱ्याकडे वळू. पालघर जिल्ह्यातील अशेरीगडावर पोर्तुगीज राजचिन्ह कोरलेला दगड आहे. तो गडावरच असल्यामुळे तेथे पोर्तुगीजांचा अंमल होता, याचा बळकट पुरावा ठरतो. परंतु हलणाऱ्या वस्तूंविषयी अशी खात्री देता येत नाही. तलासरीच्या एखाद्या पाड्यावर पोर्तुगीज अक्षरांचे नाणे मिळाले, तर ते १७३९ पूर्वीचेच असले पाहिजे काय? मुळीच नाही. शेजारचा नगरहवेली हा प्रदेश मराठ्यांनी १७८३ मध्ये पोर्तुगीजांना दिला आणि तो १९५४ पर्यंत त्यांच्याकडे राहिला. दमण तर डिसेंबर १९६१ पर्यंत त्यांच्या ताब्यात होते. एवढ्या दीर्घ काळात बाजारहाट, मजुरी आणि सोयरीक यांच्यामुळे सीमेपलीकडची नाणी अलीकडे येणे अगदी स्वाभाविक होते. म्हणून वस्तू कोठे सापडली, यापेक्षा ती तेथे केव्हा व कशी आली असेल, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा.

कधी कधी अक्षरे खोटेही बोलतात. 'ईस्ट इंडिया कंपनी' असे नाव, देवदेवतांची चित्रे, १८१८ सारखे वर्ष आणि 'एक आणा' अशी किंमत असलेली तांब्या-पितळेची नाणी बाजारात दुर्मिळ म्हणून भारी किमतीस विकली जातात. कित्येक भोळी माणसे त्यांच्यापायी कष्टाचा पैसा गमावतात. वास्तविक कंपनीने एक आण्याचे नाणे कधी पाडलेच नाही. भारतात एक आण्याचे नाणे प्रथम १९०७ मध्ये निघाले, आणि त्यापूर्वी जवळजवळ अर्धशतक कंपनीचे राज्य संपुष्टात आले होते. यावरून वस्तूवरील लेख, तिची घडण आणि इतिहास या तिहींचा मेळ बसला पाहिजे, हे स्पष्ट होते.

जुन्या वस्तूंचा मोठा शत्रू म्हणजे अतिउत्साही स्वच्छता. चिंच आणि विटेची पूड घेऊन घासलेली घंटा झळकते खरी. पण दर घासण्याबरोबर तिची अक्षरे झिजत जातात. तैलरंगाचे जाड लेप कोरीव रेषा बुजवून टाकतात. दुसरा शत्रू म्हणजे भंगाराचा तराजू. त्यात वस्तूचे वजन कळते, तिचे मोल कळत नाही. एकदा वितळविलेल्या घंटेवरील सन पुन्हा कोणालाही वाचता येणार नाही. म्हणूनच याविषयी कायदे झाले आहेत. जमिनीत सापडलेले गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांस कळविले पाहिजे, असा १८७८ चा कायदा आहे. आणि शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंच्या रक्षणासाठी १९७२ चा कायदा आहे. खाजगी व्यक्तीला अशा वस्तू देशाबाहेर पाठविता येत नाहीत.

परंतु कायद्याचे डोळे प्रत्येक पाड्यावर व प्रत्येक माळ्यावर पोहोचत नाहीत. तेथे मुलांचे डोळे पोहोचतात. घरातील जुने भांडे, देवळातील घंटा, बांधावर पडलेला कोरीव दगड यांवरील अक्षरे न घासता, न खरवडता जशीच्या तशी वहीत उतरून घ्यावी. वस्तू कोठे आहे ते लिहावे. वडीलधाऱ्यांनी तिच्याविषयी काय सांगितले ते लिहावे आणि 'असे सांगतात' हे शब्द लिहावयास विसरू नये. जे पाहिले ते एका बाजूस आणि जे ऐकले ते दुसऱ्या बाजूस ठेवावे. इतिहासाचे मोठमोठे ग्रंथ अशाच लहान, प्रामाणिक नोंदींवर उभे राहिलेले असतात.

स्वाध्याय

१. उठावाची अक्षरे आणि खोदलेली अक्षरे यांतील फरक सांगून त्यावरून काय कळते ते लिहा.

२. मेणवलीची घंटा वसईहून थेट नाना फडणिसांकडे आली नसावी, हे कशावरून ठरते?

३. वसई शरण आल्याचे दोन निरनिराळे दिवस का आढळतात?

४. कारणे द्या : (अ) तलासरी येथे सापडलेले पोर्तुगीज नाणे १७३९ पूर्वीचेच असेल असे म्हणता येत नाही. (आ) जुनी घंटा चिंच व विटेच्या पुडीने घासू नये.

५. रोमन अंकांत 'एक्स' म्हणजे १०. नाशिकच्या घंटेवरील सन रोमन पद्धतीने कसा लिहिता येईल?

६. उपक्रम : आपल्या गावातील अक्षरे असलेली एखादी जुनी वस्तू पाहून तिची आकृती काढा. पाहिलेली व ऐकलेली माहिती दोन स्वतंत्र रकान्यांत लिहा.